पहिल्या फ्रेममधला पंजा

आरशात तोंड पांढरं दिसायला लागलं तेव्हा पंजाकाकांनी बाथरूममधला बल्ब बदलला. नव्या बल्बखालीही तोंड पांढरंच दिसलं, तेव्हा त्यांनी मनातल्या मनात दुकानदाराचा उद्धार केला आणि तिसरा बल्ब आणला. तो जरा पिवळसर होता. त्यात तोंड बरं दिसलं आणि काकांच्या दृष्टीने विषय संपला. बायको टॉवेल घेऊन दारात उभी होती. "अहो, बल्ब बदलून तोंड बदलतं होय?" ती म्हणाली. यातलं तुला काही कळत नाही, असं म्हणून काकांनी टॉवेल घेतला आणि दार लावून घेतलं.

हा माणूस उठसूट उजेडाला का दोष देत होता, ते आधी सांगायला हवं. काकांनी एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या त्वचारोग विभागात एकतीस वर्षं फोटो काढले. पुरळाचे, चट्ट्यांचे, नखांचे, खपल्यांचे. त्यांच्या एकाही फोटोत कोणी हसलेलं नाही. हे फोटो कागदावर नसत, स्लाइडवर असत. स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या छोट्या चौकटीत बसवलेला रंगीत फिल्मचा तुकडा. नुसता हातात धरला तर काळपट काहीतरी दिसतं, मागून उजेड पडला की त्यात जीव येतो. त्यामुळे उजेड जसा, तशी स्लाइड. उजेड खोटा असेल तर स्लाइडही बिचारी खोटं बोलते.

विभागाचे तेव्हाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते या बाबतीत फार कडक होते. परदेशातून येणाऱ्या जाड पुस्तकांत सगळी कातडी गोरी. तिच्यावर लाल चट्टा लाल दिसतो, आंधळ्यालाही कळेल. इथे दारात उभी राहणारी माणसं सावळी, काळी. त्यांच्या अंगावर तोच चट्टा कधी जांभळट दिसतो, कधी तपकिरी, कधी नुसती कडा तेवढी तांबूस. पुस्तक पाठ करून आलेला पोरगा समोरच्या पेशंटचा आजार ओळखत नाही आणि पेशंट मलम घेऊन घरी जातो, असं मोठे सर म्हणायचे. म्हणून इथल्या माणसांचे फोटो हवेत आणि त्यातला रंग जसाच्या तसा हवा. काकांनी ते वाक्य गाठीशी बांधलं.

त्यासाठी त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली. नवा रोल भरला की पहिला फोटो, म्हणजे पहिली फ्रेम, स्वतःच्या डाव्या पंजाचा, शेजारी एक राखाडी पुठ्ठा. रोल धुऊन आला की ती पहिली स्लाइड उत्तरेच्या खिडकीजवळच्या दिव्याच्या टेबलावर ठेवायची आणि शेजारी, खिडकीच्या उजेडात, खरा पंजा धरायचा. दोन्ही पंजे जुळले तर रोल पास. एकट्या राखाडी पुठ्ठ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. भिकार दिव्यावरही राखाडी रंग राखाडीच दिसतो आणि माणूस मात्र मेल्यासारखा दिसतो, हे त्यांनी पाहिलं होतं. विद्यार्थ्यांना या प्रकाराची मोठी गंमत वाटे. त्यांनीच 'पंजाकाका' हे नाव पाडलं. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं ते तिथेच राहिलं.

एकतीस वर्षांत काका एकदाच चुकले, आणि चुकले ते सणसणीत. नोकरीच्या नवव्या वर्षी एका रोलमधला पंजा आधीच्या महिन्यातल्या पंजापेक्षा पिवळा आला. काकांनी त्या वेळी खरा पंजा शेजारी न धरताच ठरवलं, फिल्मचा हा गठ्ठाच खराब. त्यांनी लेन्सवर फिकट निळी काच चढवली आणि तीन आठवडे इमानेइतबारे काम केलं. तीन आठवड्यांतले सगळे पेशंट थंडीने काकडल्यासारखे निळसर निघाले. मोठ्या सरांनी एक स्लाइड पाहिली, दुसरी पाहिली, मग काकांना खिडकीत उभं करून त्यांची खालची पापणी ओढली आणि शांतपणे म्हणाले, "फिल्म बरोबर आहे. हात चुकतोय." काकांना सडकून कावीळ झाली होती. महिनाभर ते अंथरुणात होते आणि तीन आठवड्यांच्या निळ्या स्लाइड कचऱ्यात गेल्या. काविळीचं दुःख त्यांना फारसं झालं नाही, त्या स्लाइडचं झालं. तेव्हापासून त्यांनी एक नियम केला. फिल्मला दोष देण्याआधी आरशात बघायचं. तो नियम त्यांनी आजतागायत पाळला होता. आता आरशावरचा बल्बच वाईट असेल तर त्याला ते काय करणार?

निवृत्तीला अकरा वर्षं झाल्यावर एका सकाळी मॅडमचा फोन आला. मॅडम आता विभागप्रमुख होत्या. एके काळी त्या पहिल्या बाकावर बसत आणि स्लाइड बदलताना काका जरा घाई करतात अशी तक्रार करत. इस्पितळाने विभागाचं लोखंडी कपाट शनिवारपर्यंत रिकामं करायला सांगितलं होतं. त्यात काकांच्या चार हजार स्लाइड होत्या. ज्यांचे रंग अजून खरे आहेत त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून कायमच्या जपायच्या. ज्यांचे उडाले आहेत त्या, पेशंटचे फोटो असल्यामुळे, रद्दीत देता येत नाहीत, म्हणून त्या शनिवारी इस्पितळाच्या कचरा जाळायच्या भट्टीत जाणार. खरा रंग कुठला आणि उडालेला कुठला, हे कोण सांगणार? "तुमच्याशिवाय कोणाला कळणार, काका?" मॅडम म्हणाल्या. काकांनी फोन ठेवला आणि इस्त्रीचा शर्ट शोधायला लागले.

विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. हल्ली काकांना जिना चढताना दम लागे. वयाला हे असायचंच, असं म्हणून त्यांनी त्यावर उपायही काढला होता. प्रत्येक वळणावर भिंतीवरच्या सूचना वाचायला थांबायचं. मंगळवारी ते वर पोचले तेव्हा हात धुण्याच्या सात पायऱ्या त्यांना तोंडपाठ झाल्या होत्या.

मॅडमनी टेबलावर तीन दिवे मांडून ठेवले होते. पहिला काकांचाच जुना ट्यूबचा खोका. ट्यूब म्हातारी झाली होती, डोळे मिचकावत होती आणि तिच्या उजेडात सगळी दुनिया हिरवट दिसत होती. काकांनी खोक्यावर प्रेमाने हात फिरवला आणि त्याला बाद केलं. दुसरं होतं पाटीसारखं पातळ एलईडी पॅनेल. ऑफिसने ते बाजारातून आणलं होतं, मुलं चित्र गिरवायला वापरतात तसलं. तिसरा दिवा जड, काळ्या पत्र्याचा. मॅडमनी एका छापखान्याकडून तो चार दिवसांसाठी मागून आणला होता. रंग खरे दाखवण्यात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव, असं त्याच्या खोक्यावर लिहिलं होतं. तो आवडला तर विकत घेऊ, नाहीतर शनिवारी परत, असं ठरलं होतं.

खोक्यावरचं लिहिणं काकांनी कधीच मानलं नाही. त्यांनी पंजाची एक स्लाइड काढली, जड दिव्यावर ठेवली आणि शेजारी खिडकीच्या उजेडात आपला डावा हात धरला. स्लाइडमधला पंजा गुलाबी, भरलेला. खरा पंजा त्यापुढे फिका. काकांनी मान हलवली. हा दिवा लाल जास्त दाखवतो, ते म्हणाले. मग तीच स्लाइड पातळ पॅनेलवर ठेवली. तिथे पंजा फिका दिसला, शेजारच्या हातासारखाच. पुन्हा पाहिलं, दुसऱ्या वर्षाची स्लाइड ठेवून पाहिलं. दोन्ही पंजे जुळत होते.

त्यांनाही जरा नवल वाटलं. स्वस्त पॅनेल लाल रंगाला कच्चं असतं, लाल फिकं दाखवतं, असा त्यांचा अनुभव होता. पण एकतीस वर्षं ज्या पद्धतीने त्यांना तारलं, ती काय सांगते ते समोर दिसत होतं. हल्ली पॅनेल सुधारली असतील, त्यांनी स्वतःची समजूत घातली. मॅडम खूश झाल्या, एक खर्च वाचला. जड दिवा पुन्हा खोक्यात भरून टेबलाखाली गेला.

बुधवारी सकाळपासून काका निवडायला बसले. डावीकडे ठेवायच्या स्लाइडची पेटी, उजवीकडे भट्टीत जाणाऱ्यांची टोपली. पहिल्या तासातच त्यांच्या लक्षात आलं की उजवा हातच जास्त चालतोय. कडांवरचा तांबूसपणा गेला होता. चट्टे मातकट झाले होते. ज्या स्लाइडसाठी ते एका म्हाताऱ्या पेशंटची समजूत काढत दोन तास बसले होते, तिच्यात आता नुसती धुरकट पाठ दिसत होती. फिल्मचे रंग वर्षांनी उडतात हे त्यांना माहीत होतं, पण इतके उडतील असं वाटलं नव्हतं. मुलाबाळांना आपल्या हाताने घराबाहेर काढावं तशी एकेक स्लाइड ते टोपलीत ठेवत होते. टाकत नव्हते, ठेवत होते.

गुरुवारी मॅडम पेशंट बघून आल्या आणि टोपलीतली वरची स्लाइड उचलून त्यांनी पॅनेलवर धरली. एका बाईच्या दंडावरचा चट्टा होता. "काका, ही तुम्ही आम्हाला वर्गात दाखवली होती. याची कडा लाल होती. परीक्षेत मी तेच लिहिलं होतं." काकांनी खाली मान घालून सांगितलं की असेल तेव्हा, आता उडाली. काकांच्या शब्दावर शब्द बोलायची या विभागात कोणाला सवय नव्हती. मॅडमनी स्लाइड परत टोपलीत ठेवली.

त्या दिवशी घरी येऊन काका न जेवता बसून राहिले. अकराशे स्लाइड पाहून झाल्या होत्या आणि त्यातल्या सातशेच्या वर टोपलीत गेल्या होत्या. बायकोने काय झालं विचारलं तेव्हा ते म्हणाले की माझ्या कामातलं काही उरलं नाही. एकतीस वर्षं मी पाण्यावर रेघा ओढत होतो. बायकोने त्यांचा हात हातात घेतला. ती म्हणाली, "हात किती गार आहेत हो तुमचे." काकांनी हात सोडवून घेतला. त्यांना वाटलं, ही भलतंच काहीतरी काढतेय.

शुक्रवारी त्यांनी नवव्या वर्षाची पेटी उघडली. या पेटीत काविळीचा पंजा होता. निळी काच चढवण्याआधीच्या रोलचा, मोठ्या सरांनी आठवण म्हणून ठेवायला लावलेला. तो पंजा शोधायला काकांना कधी चौकटीवरची तारीख वाचावी लागली नव्हती. पेटीतल्या पहिल्या फ्रेम उजेडावर पसरल्या की गुलाबी पंजांच्या रांगेत तो एकटा पिवळा ओरडून उठायचा. दर वेळी काकांना त्याची लाज वाटायची आणि थोडं हसूही यायचं.

आज त्यांनी नवव्या वर्षाचे सगळे पंजे पॅनेलवर मांडले आणि पाहत राहिले. सगळे सारखे. सगळे फिके, पिवळसर, निस्तेज. त्यांनी चष्मा पुसला. भिंग लावलं. शेवटी एकेक चौकट उचलून तिच्यावरची तारीख वाचली, तेव्हा काविळीचा पंजा सापडला. तो त्यांनी निरोगी पंजाशेजारी ठेवला. दोघांत फरक म्हणाल तर होता, म्हणाल तर नव्हता.

काका खुर्चीत मागे टेकले. ज्या उजेडाला कावीळ दिसत नाही, तो उजेड काय कामाचा? असा दिवा त्यांनी तीन दिवस पुढ्यात ठेवला होता आणि त्याच्या साक्षीवर सातशे स्लाइडना भट्टीची शिक्षा दिली होती. टेबलाखालचा जड दिवा त्यांनी ओढायला घेतला. तो हलेना, इतका जोर त्यांच्या हातात राहिला नव्हता. त्यांनी मॅडमना हाक मारली.

दोघांनी मिळून दिवा वर घेतला. काकांनी त्यावर दहा वर्षांचे दहा पंजे मांडले, मधोमध काविळीचा. बटण दाबलं. पिवळा पंजा पूर्वीसारखाच ओरडून उठला आणि बाकीचे नऊ एकमेकांच्या सख्ख्या भावांसारखे गुलाबी दिसले. मॅडमनी टोपलीतून ती दंडाची स्लाइड काढून दिव्यावर ठेवली. जांभळट चट्टा आणि त्याची तांबूस कडा, अगदी कालच काढल्यासारखी. त्यांनी दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. काहीही उडालं नव्हतं.

मॅडम हसल्या, पण काका हसले नाहीत. त्यांनी आपला डावा हात खिडकीच्या उजेडात, त्या नऊ पंजांच्या शेजारी धरला. तो त्यांच्यात बसत नव्हता. त्यांनी हात उलटा केला, सुलटा केला, झटकला, पुन्हा धरला. पंजांशेजारचा राखाडी पुठ्ठा राखाडी होता. नऊ वर्षांच्या नऊ रोलचं एकमत होतं. वेगळं काही सांगत होता तो एकच साक्षीदार, आणि मंगळवारपासून काकांनी फक्त त्याचंच ऐकलं होतं. त्यांना बाथरूममधले तीन बल्ब आठवले. जिन्यातल्या सूचना आठवल्या. बायकोचं बोलणंही आठवलं.

"दिवा बरोबर आहे, मॅडम," काका म्हणाले. "हात चुकतोय."

मॅडमना क्षणभर काही कळलं नाही. मग त्यांनी काकांचा हात धरला आणि पंजा ताणून पाहिला. तळहाताच्या रेघांतसुद्धा रंग नव्हता. त्यांनी काकांना खिडकीकडे वळवलं आणि त्यांची खालची पापणी ओढली. आत जिथे लाल असायला हवं तिथे पांढरं होतं.

"तीन दिवस तुम्ही माझ्यासमोर बसलाय, काका," त्या म्हणाल्या. "आणि मी नुसत्या स्लाइड बघत होते."

रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन असायला हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी निघालं. गुडघा दुखतो म्हणून काका वर्षभर रोज एक गोळी घेत होते. कोणाला न विचारता, दुकानातून आणून. त्या गोळीने पोटात जखम केली होती आणि रक्त आतल्या आत झिरपत होतं. आणखी महिना गेला असता तर काय झालं असतं, ते मॅडमनी काकांच्या बायकोला बाहेर नेऊन सांगितलं. शुक्रवारीच काकांना भरती करायचं ठरलं, पण काका खुर्चीतून उठायला तयार होईनात. टोपली उद्या भट्टीत जाणार होती. ती आधी कुलपात ठेवा, मग मला कुठे न्यायचं ते न्या, असा त्यांनी हट्टच धरला. मॅडमनी टोपली स्वतः उचलली, आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवली आणि किल्ली आणून काकांच्या हातात दिली. चार दिवस ती किल्ली त्यांच्या उशाखाली होती.

दोन महिन्यांनी काका पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेले. एकाच वळणावर थांबले, आणि तेही खरोखर नवी सूचना लागली होती म्हणून. कपाट खाली झालं होतं, पण पेट्या मॅडमनी आपल्या खोलीत भिंतीला लावून रचल्या होत्या आणि जड काळा दिवा विभागाने विकत घेतला होता. टोपलीतल्या सातशे स्लाइड काकांनी पहिल्यापासून पाहिल्या. खरोखर रंग उडालेल्या चाळीस निघाल्या. बाकीच्या पेटीत गेल्या.

काम संपल्यावर त्यांनी दिव्यावर एक चिठ्ठी चिकटवली. त्यावर आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं की या स्लाइड याच दिव्यावर बघाव्यात, दुसरा दिवा आणायचा झाल्यास त्यावर काविळीचा पंजा ओळखता येतो का ते आधी पाहावं, आणि ताडून बघायला कोणी स्वतःचा हात वापरणार असेल तर त्याने तो हात आधी डॉक्टरांना दाखवावा. मॅडम ती चिठ्ठी नव्या मुलांना पहिल्याच तासाला वाचून दाखवतात. मुलं हसतात. मॅडम त्यांना हसू देतात आणि मग दहा पंजे दिव्यावर मांडतात.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर काकांनी बाथरूममधला पिवळसर बल्ब काढला आणि पहिला जुना बल्ब शोधून लावला. तो त्यांनी टाकला नव्हता, कपाटावर ठेवला होता. मग आरशासमोर उभं राहून ते स्वतःच्या तोंडाकडे बघत राहिले. बायको टॉवेल घेऊन दारात आली, तेव्हा त्यांनी आपणहून तोंड तिच्याकडे वळवलं.

"अगं, नीट बघून सांग," ते म्हणाले. "कसं दिसतंय?"

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि रंगाच्या बाबतीत त्यांनी तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. तिने टॉवेल खांद्यावर टाकला, जवळ येऊन त्यांची हनुवटी धरली आणि तोंड एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला फिरवून पाहिलं. अजून थोडं पांढरंच आहे, ती म्हणाली. काकांनी मान डोलावली आणि बल्बकडे न बघता डॉक्टरांनी दिलेली रात्रीची रक्तवाढीची गोळी घ्यायला गेले.